बांधावरची पाटी

डॉमनिक सायकलवर बसण्याआधी पाटलोण घोट्याशी सुतळीने बांधायचा. रस्ता रिकामा असला तरी घंटी वाजवायचा. मिठागराच्या बांधावर मात्र उतरून सायकल ढकलत चालायचा. चाकाने बांध खचतो, म्हणून मिठागर चालवणाऱ्या कंपनीचा तसा नियमच होता.

“इथं कोण बघतंय तुला?” नुकताच बी.ए. झालेला त्याचा मित्र शिवदास चिडवायचा.

“बांध हाय ना बघायला, मास्तर!”

१९३८ साली कंपनीने त्याला मुंबईत जमीन-मोजणीच्या वर्गाला घातलं. फी कंपनीची, पण परीक्षा चुकली तर पुन्हा मदत नाही. पास झाला तर गुडघाभर खाऱ्या पाण्यातलं काम सुटणार होतं.

परीक्षेच्या सकाळी निघायला उशीर झाला. दूरवर गाडीची शिटी वाजली.

“आज तरी बस रे!” शिवदास ओरडला.

डॉमनिक बसला. पावसाळा सरल्यावर बांधाला नुकताच ओला चिखल लिंपला होता. चाक रुतलं, डोकं दगडी मोरीवर आपटलं. तो पुन्हा उठला नाही.

दफन करून परतताना शिवदासला कचेरीच्या भिंतीशी टेकवलेली पाटी दिसली. अक्षर सुबक, म्हणून नियम रंगवायचं काम डॉमनिककडेच होतं. ‘बांधावर सायकलवरून’ एवढंच लिहून झालं होतं.