टॉकीजमागच्या गल्लीतली ओ

गुलमंडीच्या एका साडीच्या दुकानात मी सेल्सगर्ल होते. गर्ल कसली डोंबलाची, दोन लेकरांची आई होते, पण शेठ तसंच म्हणायचा. दिवसभर उभं राहून गादीवर साड्या उलगडायच्या आणि बायका उठून गेल्या की पुन्हा घड्या घालायच्या. दुकान बंद होईपर्यंत पोटऱ्यांचे गोळे व्हायचे. आमची शटरं पडली की त्या भागात दुसराच बाजार उभा राहायचा. नान-खलियाच्या देगा, कुल्फीच्या गाड्या, पानाचे ठेले, आणि टॉकीजच्या शेवटच्या खेळाची शिट्ट्या मारणारी गर्दी. पुरुषांना ती मजा. आम्हा बायांना मात्र त्या गर्दीतनं अंग चोरून घरी जायचं असायचं.

म्हणून आम्ही टॉकीजमागच्या गल्लीनं जायचो. गल्ली अरुंद, मधेच वाकलेली, आणि वाकणाच्या पुढं काय आहे ते अलीकडनं दिसायचं नाही. पण टॉकीजच्या मागच्या पोर्चमध्ये, तिकिटाच्या जुन्या लेडीज खिडकीखाली, एक म्हातारी झोपायची. तिचं अंथरूण बरोबर त्या वाकणावर होतं. तिला गल्लीचा अलीकडचा भागही दिसायचा आणि पलीकडचाही. तिला घरदार नव्हतं. ती कोणाची कोण, हे कोणी विचारलं नाही. आम्ही गल्लीच्या तोंडाशी थांबून हाक मारायचो, "हाय का मोकळं?" आणि तिकडनं ओ यायची, "व्हय." मग बिनधास्त जायचं. जाताना पोर्चच्या पायरीवर पाव, भाकरी, दुपारच्या डब्यात उरलेलं काही ठेवायचं. गल्लीत कोणी दारुडा, कोणी टपून बसलेला असला तर ती "नाय" म्हणायची नाही. नुसती गप्प राहायची. कारण "नाय" म्हटलं तर त्या मेल्याला कळणार, चुगली कोणी केली, आणि आम्ही घरी गेल्यावर तिला रात्र तिथंच काढायची होती. ओ आली नाही की आम्ही मुकाट मागं फिरायचो आणि मोठ्या रस्त्यानं लांबचा फेरा घ्यायचो. ही रीत मला दुकानातल्या जुन्या बाईनं पहिल्याच दिवशी शिकवली होती, साडीची घडी शिकवायच्या आधी.

मग घरोघरी केबल आली आणि टॉकीज बंद पडली. तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स होणार असं ठरलं आणि मागची गल्लीही त्यात गेली. माणसं घरं सोडून जायला लागली. जाताना दारं-खिडक्या चौकटीसकट काढून नेली, सागवान कोण सोडतं? त्यामुळं गल्लीत दोन्ही बाजूंना नुसती भगदाडं राहिली. आत अंधार, भिंतीवर देव्हाऱ्याची काळी खूण, कुठं कॅलेंडर तसंच लटकलेलं. एका घरात नळ चालू राहिलेला होता, त्याचा आवाज पार वाकणापर्यंत यायचा. आणि खोटं वाटेल, पण एका रिकाम्या घरासमोर मला रोज कांदा परतल्याचा वास यायचा. मी नाकाला पदर लावून पळायचे. तेवढी एक "व्हय" कानावर पडायची, म्हणून त्या दिवसांत त्या गल्लीत पाऊल टाकवत होतं.

एका रात्री मी हाक मारली, ओ आली. मी गेले. वाकण ओलांडलं आणि डाव्या हाताच्या भगदाडात एक माणूस उभा. हलला नाही, बोलला नाही. मी पुढं झाले तशी त्याची पावलं मागनं सुरू झाली. मी थांबले की तो थांबे. मी चालले की चाले. अगं माय, पाठीचा कणा कसा गार पडतो ते मला तेव्हा कळलं. मागं वळून बघायची छाती झाली नाही. गल्ली संपली, दिव्याखाली आले, तेव्हा मागं कोणीच नव्हतं. घरी गेले ती तांब्याभर पाणी प्याले आणि पहिलं तोंडून निघालं ते, "त्या म्हातारीची जीभ झडो."

दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधीच मी तिच्याशी भांडायला गेले. माझा स्वभावच तसा, मनात ठेवलं तर अन्न पचत नाही. पोर्चमध्ये गोधडी पांघरून ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. "काय गं, डोळे फुटले होते का काल?" असं म्हणत मी गोधडी ओढली. आत म्हातारी नव्हती. एक विशीबाविशीची पोर होती, हातापायाच्या काड्या, कानात धनगरी बाळ्या. माझ्याकडं अशी बघत होती की मीच तिला मारायला आलेय.

मी तिच्याजवळ पायरीवर टेकले. मग हळूहळू तिच्याकडनं कळलं. फुलंब्रीकडच्या एका वाडीची. नवऱ्यानं टाकलेली, भावानं दारात उभी केली नाही. ती आली तेव्हा जागा मोकळीच होती, गोधडीसकट. "पयल्या दिशी एका बाईनं हाक मारली," ती म्हणाली, "हाकलतीया की काय म्हणून मी भेवून व्हय म्हणलं. तर ती जाताना पाव ठिवून गेली. मंग मी रोजच व्हय म्हणत गेले."

"आणि गल्लीत कोण आहे ते बघत नव्हतीस?"

"भ्या वाटतं," ती म्हणाली. "मी भिंतीकडं तोंड करून निजते."

म्हणजे कितीतरी रात्री आम्ही सगळ्या बाया त्या "व्हय"वर विसंबून चाललो होतो, आणि पलीकडं कोणीच बघत नव्हतं. आणि गोधडीखालनं दबकी का होईना, ओ येत होती म्हणून आमच्यातल्या एकीलाही म्हातारी नाहीशी झाल्याचं कळलं नव्हतं. एक माणूस गेलं आणि त्याच्या जागेवरनं आवाज तसाच येत राहिला. भर सकाळी उन्हात उभी असून माझ्या अंगावर काटा आला.

समोरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आपा, बुढ्ढी को तो कबका ले गए. बिल्डर के लोगां गाडी लाए थे, जित्ते सोनेवाले थे सबको भरे और दूर छोड दिए. मेरा साला जीप चलाता ना, उनो देखा उसको फर्दापूर में."

सुट्टीच्या दिवशी मी फर्दापूरची एसटी पकडली. घरी सांगितलं, मैत्रिणीकडं जाते. फर्दापूरला लेणी बघायला आलेल्या माणसांची गडबड, गाईड, मण्यांच्या माळा विकणारे. त्यांच्या पलीकडं, एका बंद दुकानाच्या ओट्यावर म्हातारी बसली होती. दिवसाउजेडी मी तिला कधी नीट बघितलंच नव्हतं. पण मी हाक मारली तशी तिनं मला आवाजावरनं ओळखलं. "तू साडीवाली," ती म्हणाली. "तुझा पाव कायम शिळा असायचा."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हणाले, "चल, उठ. मी तुला न्यायला आले. तुझ्याबिगर गल्लीत जीव मुठीत धरून चालावं लागतं." सगळी हकिगत सांगितली. भगदाडातला माणूस, पोर, भिंतीकडं केलेलं तोंड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आन् ती पोर हाय अजून तिथं?"

"आहे."

"मंग जागा भरली की. मी येऊन तिला उठवू व्हय?"

मी लई हुज्जत घातली. तुझी जागा आहे, तू आधीची, ती तर काल आली. म्हातारी काही ऐकेना. "तरणी हाय ती," म्हणाली. "हितं उघड्यावर मला कोण काय करणार हाय? तिला करतील." शेवटी मी चिडून जायला उठले. मग तीच बोलायला लागली. "तिला सांग, तोंड गल्लीकडं करून निज. आन् पोटासाठी व्हय म्हणायचं नाय. पोलीस ॲक्शनच्या टायमाला आमी कणगीत लपून बसलो, तवा माजी माय म्हणायची, बाहीर माणसं आसली का कितीबी हाका मारू देत, ओ द्यायची नाय. माणसं गेली, सगळं सामसूम झालं, मंगच ओ द्यायची. म्हणून मी वाचले. ह्ये तिला नीट शिकव."

मी परत आले ती तिला तिथंच सोडून. एसटीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. राग कोणावर काढावा तेच कळत नव्हतं.

पोरीला मी शब्दन् शब्द सांगितला. म्हटलं, ओ दे न दे, तुझा पाव पायरीवर ठेवणार. बाकीच्या बायांनाही सांगितलं. सुरुवातीला ती घाबरायची, पण शिकली. एका रात्री हाक मारली तर गप्प. आम्ही दोघी-तिघी तोंडाशीच थांबलो. थोड्या वेळानं आतनं दोन माणसं झोकांड्या खात बाहेर पडली. ती पार रस्त्याला लागली, आणि मग गल्लीतनं बारीक आवाज आला, "व्हय." आम्ही एकमेकींकडं बघितलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

त्यानंतर काही दिवसांनी, पुन्हा एकदा ओ आली नाही. थांबून बघितलं, कोणी बाहेर पडेना. नळाचा आवाजही बंद झाला होता. गल्ली इतकी शांत की माझाच श्वास मला ऐकू येत होता. पण मी मनात म्हटलं, शाब्बास गं पोरी, आज नक्की कोणीतरी आत बसलंय. आणि खुशीत फेरा मारून घरी गेले.

सकाळी तिच्यासाठी गरम भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. तिथं जाऊन बघते तर टॉकीजभोवती उंच पत्रे ठोकलेले, पोर्चसकट. समोर जेसीबी उभं, चार-पाच माणसं विड्या फुंकत. मी मुकादमाला विचारलं, "आतली पोर कुठं नेली?"

"आत कोणी नाही बाई," तो म्हणाला. "काल अंधार पडताना मागं पोर्चला पत्रे मारले तेव्हा हाका मारल्या, रात्रभर आमचा माणूस राखणीला होता, आत्ता पुढचे मारतानाही हाका मारल्या. कोण हाय का, कोण हाय का. कोणी बोललं नाही."

चहावाला गाळणं हातात धरून तसाच पुढं आला. म्हणाला, "आपा, शाम को अंदर जाते देखा मैं उसको. निकलते नही देखा."

माझ्या हातातली भाकरी खाली पडली. हाका मारल्या, आणि ती बोलली नाही. बोलणार कशी? मीच तर तिला शिकवलं होतं. मी पत्र्यावर थापा मारत ओरडले, "अगं, मी आहे! साडीवाली!" आतनं काही नाही. माझ्यामागं ही एवढी माणसं उभी, त्यांचं बोलणं, खोकणं, सगळं तिला ऐकू जात असणार. जेसीबीवाल्यानं इंजिन सुरू केलं तशी मी त्या यंत्राच्या पुढ्यात जाऊन बसले.

"बंद कर ते! आणि निघा सगळे इथनं! पार चौकात जाऊन उभे राहा!"

"ए बाई, डोकं फिरलंय का?"

"फिरलंय! ती पोर आत मेली तर तुझ्या नावानं इथंच बोंब ठोकीन. जा म्हणते ना!"

ते हसले, शिव्या दिल्या, पण बाई रस्त्यात बसली म्हटल्यावर माणसं जमायला लागली. चहावाल्यानं मुकादमाचा दंड धरला आणि त्याला बाजूला नेलं. हळूहळू सगळ्यांनाच त्यानं चौकाकडं हुसकलं, आणि शेवटी स्वतःही गेला. गल्लीच्या तोंडाशी मी एकटी राहिले. पत्र्याला तोंड लावून मी रोजच्यासारखी हाक मारली.

"हाय का मोकळं?"

काहीच नाही. मी वाट बघितली. देवाला म्हटलं, काय मागशील ते देईन.

"व्हय."

मी किंचाळलेच. माणसं धावत आली, पत्रा काढला. लेडीज खिडकीमागच्या कोनाड्यात ती अंगाची मुटकुळी करून बसली होती, तोंड गल्लीकडं. रात्रभर तशीच. मी तिला बाहेर ओढलं, दोन धपाटे घातले आणि मग पोटाशी धरलं.

"माणसं होती ना," ती म्हणाली. "म्हणून बोलले नाय."

मागं जेसीबीनं पोर्चच्या खांबाला हात घातला. ती धूळ बघत उभी राहिली आणि मग मला विचारलं, "ताई, आता मी निजू कुठं?"

"आज माझ्या घरी," मी म्हणाले. उद्याचं तिनं विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.