सतरा नंबरचा तुकडा

आधीच सांगतो. ह्या सदरात जे छापून येतं — वडाखालची बाई, रस्त्यात हात करणारा म्हातारा — त्यावर माझा कवडीचा विश्वास न्हाय. आमी बौद्ध. बापानं दीक्षा घेतली तवाच घरातला गंडादोरा आन् भानामतीचं भ्याव ओढ्यात सोडून दिलं. तरी लिहितोय. शुद्धलेखन तुमी बघा. पोरीला लिहायला सांगितलं न्हाय, का ते पुढं कळंल. नाव छापू नका.

म्या गवंडी, शिक्षण चौथी. परंड्यात किल्ल्याच्या मागल्या अंगाला घर हाय, म्याच बांधलेलं. बायको कुसुम, शाळेत मास्तरीण. लोक म्हणायचे, "गवंड्याला मास्तरीण घावली, आता विटंवर पाढे लिहील."

रिटायर झाल्यावर ती पोरांसाठी पुस्तकं लिहायला लागली. ती पुस्तकं सरळ वाचायची नसतात. गोष्टीचे नंबर टाकलेले तुकडे असतात. समजा तुमी किल्ल्यात शिरलाव, तर खाली लिहिलेलं असतं — बुरुजाकडं जायचं तर ५२ वाचा, विहिरीकडं जायचं तर ९. वाचणाऱ्यानं वाट निवडायची. चुकीची निवडली की मेला, गोष्ट खलास. सोलापूरचा एक छापखानेवाला छापायचा. पोरं पार फाटंस्तवर वाचायची.

लिहायची तऱ्हा बी न्यारी. एकेक तुकडा एकेका चिठ्ठीवर. घरात दोरी बांधून चिमट्यानं चिठ्ठ्या लावायच्या आन् नंबर मागंपुढं करायचे, पुढचं कुणाला दिसू नये म्हणून. धुणं वाळत घालायला मला दोरी मिळायची न्हाय. पहिला वाचणारा म्याच. ती म्हणायची, "तुम्हाला कळलं म्हणजे तिसरीच्या पोराला कळलं."

म्या बोट ठिवून वाचणारा माणूस. मागल्या चिठ्ठीवर बोट ठिवायचं, पुढं मेलो की परत मागं. ती पट्टीनं बोटावर हाणायची. "अहो, बोट काढा! गेली वाट परत मिळत नाही."

एकदा म्या म्हणलं, "लेकरू विहिरीत पडतंय, आधी सांगायचं की त्याला."

"सांगितलं तर खेळ कसला? मी दोन वाटा दाखवणार. निवडायचं त्यानं."

शेवटच्या पुस्तकाच्या चिठ्ठ्या तिनं मला वाचू दिल्या न्हाईत. इचारलं तर म्हणली, "हे तुम्हाला नंतर." दिवाळीच्या आधी पोस्टानं सोलापूरला धाडून बी दिलं.

ती एप्रिलात गेली. दुपारी झोपली ती उठलीच न्हाय, काय दुखलं-खुपलं न्हाय, असं म्या समद्यांला सांगितलं. पोरीला बी. वैशाली, उमरग्याला दवाखान्यात नर्स हाय. ती रडली आन् म्हणली, "बाबा, आईला त्रास झाला नाही, एवढंच बरं." त्याच एका गोष्टीवर ती उभी हाय.

गेल्या महिन्यात छापखान्यातनं कागद आले, तपासायला. सोबत तिच्या हातच्या चिठ्ठ्या. म्या बोट ठिवून वाचाय बसलो.

ह्यात किल्ला न्हाय. पहिलाच तुकडा असा — "तुम्ही म्हातारे गवंडी आहात. शेजारच्या नव्या घराचा स्लॅब टाकतायत, तुम्हाला बोलावणं आलंय. बायको म्हणते, छातीत दुखतंय. जीप बोलवायची असेल तर ४१ वाचा. तिला झोपायला सांगायचं असेल तर १७."

 म्या १७ उघडला.

"तुम्ही म्हणता, 'पड जरा, पित्त असंल. स्लॅब मधी सोडता येत न्हाय.' ती तांब्यातलं अर्धं पाणी पिते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. पाच वाजता तुम्ही येता. चहा मागता. ती उत्तर देत नाही. तुम्हाला राग येतो. तुम्ही ओरडता, 'कान फुटले का गं?' नंतर तुम्ही सगळ्यांना सांगता, झोपेतच गेली, काही दुखलं नाही. गोष्ट संपली."

असंच झालं व्हतं. शब्दाला शब्द. स्लॅब एकदा सुरू केला की थांबवता येत न्हाय, सांधा ऱ्हातो आन् तिथनं गळतो. कुसुम दारापतूर आली व्हती, छातीवर हात ठिवून. म्हणली, "बार्शीला दवाखान्यात जायचं का पडू थोडी? तुम्ही सांगा." म्या सांगितलं. घरात दोघंच व्हतो. मेलेल्या बाईवर म्या वरडलो हे ह्या जगात कुणालाच ठाऊक न्हाय.

त्या स्लॅबातनं अजून थेंब गळत न्हाय.

आता इचार करा. तिनं पुस्तक धाडलं तवा शेजारचा प्लॉट रिकामा व्हता. नुसती वेडी बाभळ. जागा जानेवारीत इकली, पाया त्याच्या मागनं. म्या सोलापूरला फोन लावला. "काय बदल केला का?" "नाही काका, बाईंच्या अक्षरातच आहे. दिवाळीपासून कपाटात होतं." चिठ्ठी परत बघितली. तिचंच अक्षर, तिचीच निळी शाई.

मंग ४१ उघडला. तिथनं गोष्ट संपतच न्हाय. जीप येती, बार्शी, काचंच्या खोलीत चार दिवस, मंग घर. ती मला मिठावरनं बोलती, वैशालीकडं जाऊन ऱ्हाती, येडशीला रामलिंगच्या झाडीत माकडं तिच्या हातातला डबा पळवत्यात आन् ती हसती. चाळीसाच्या वर तुकडे. अख्ख्या पुस्तकात लांब वाट तीच. मरणाची वाट एका चिठ्ठीची.

मागल्या रविवारी वैशाली आली. कागद दिसले, तिथंच बसून वाचाय लागली. म्या भिंतीला टेकून बसलो. पहिला तुकडा वाचला आन् दम बी न खाता तिनं ४१ काढला.

"थांब की जरा, दुसरं बी हाय," म्या म्हणलो.

"यात थांबायचं काय, बाबा? छातीत दुखतंय म्हणल्यावर माणूस उचलून नेतो. झोप म्हणणारा कोण असंल असला कसाई?"

संध्याकाळपतूर ती ४१ च्या वाटंनं वाचत ऱ्हायली, हसली, रडली. "आईनं तुम्हालाच लिहिलंय हे. गवंडी काय, जीप काय! तुम्ही कोणता नंबर उघडला व्हता?"

"एक्केचाळीस," म्या म्हणलो.

"वाटलंच मला."

मंग तिनं छापखान्याची चिठ्ठी वाचली. पानं वाढत्यात, एखादा तुकडा कमी करा म्हणून. ती म्हणली, "सतरा काढू. तिकडं कोण जाणारच न्हाय. मी बी वाचला न्हाय, आईचं मरण असणार तिथं, नगं मला."

व्हय म्हणलो असतो तर मिटलं असतं. व्हटावर आलं बी व्हतं. माझं बोट सतराच्या कागदावरच व्हतं, कवापासनं काय माहीत.

म्या बोट काढलं. म्हणलं, "ऱ्हाऊ दे. तिनं लिहिलंय ते ऱ्हाऊ दे. दुसरं काय बी काढ."

तिनं माकडाचा तुकडा काढला.

पुस्तक छापून आलं की पोरगी कवातरी सतरा उघडंल. आईचं पुस्तक हाय, उघडंलच. तवा काय व्हईल ते मला ठाऊक हाय.

बाभळीच्या जागी स्लॅब तिला कसा दिसला, हे मला अजून उमगलं न्हाय. तुमच्यात कुणी शिकलेला असंल तर सांगा. पण माझी झोप उडाली ती त्यानं न्हाय. तिनं समदं आधीच लिहिलं व्हतं. बाजूच्या आळीत जीपवाला ऱ्हातो, तिनं नुसती हाक मारली असती तरी आला असता. तरी ती दारात उभी ऱ्हायली, दोन वाटा दाखवल्या, आन् म्या कोणती घेतो ते बघत बसली.