पान दोनशे साठ

आत्यांचं लग्न झालं नाही, आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. धाकट्या भावाच्या घरातली पुढची खोली त्यांची. खिडकीशी टेबल आणि टेबलावर दुसऱ्यांच्या कादंबऱ्या. हस्तलिखित छापायला जाण्याआधी आत्यांच्या पेन्सिलीखालून गेलं नाही, तर प्रकाशकाला चैन पडत नसे. भावाची मुलं आत्या म्हणत, म्हणून प्रकाशकही आत्या म्हणे आणि पोस्टमनही.

कामाला बसताना हात जोडायचे, देवाचं नाव घ्यायचं आणि पेन्सिलीचं टोक ओठाला लावून ओलं करायचं. प्रत्येक कादंबरीला एक नवी वही, वहीत प्रत्येक पात्राला एक पान. वय किती, चष्मा आहे की नाही, कुठे आजारी पडलं, कुठे बरं झालं. लेखकांना स्वतःच्या माणसांची एवढी आठवण नसते. एकाने नायकाची मिशी चाळिसाव्या पानावर उतरवली आणि चव्वेचाळिसाव्यावर तिला पीळ दिला. दुसऱ्याची नायिका तेरा महिने गरोदर राहिली, तेव्हा आत्यांनी समासात लिहिलं, 'बाई आहे, हत्तीण नव्हे.' तो लेखक वर्षभर रुसला होता.

"वन्सं, आमच्या ह्यांच्या पानावर काय लिहाल हो?" भावजय विचारी.

"बोलतो कमी, घोरतो फार. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही बदल नाही."

आत्यांना त्रेसष्ट पुरी होत आली होती, तेव्हा एका नव्या लेखिकेचं बाड आलं. लेखिका दवाखान्यात नर्स होती. आत्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं, तिने आत्यांना नव्हतं.

कादंबरीत एक म्हातारी होती, लोकांची पत्रं सुधारून देणारी. डावखुरी. आत्याही डावखुऱ्या, पण जगात डावखुरे काय थोडे असतात? पुढे म्हातारीच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जोडलेली निघाली. आत्या वाचता वाचता थांबल्या आणि पाय खुर्चीखाली घेतले. आणखी वीस पानांनी म्हातारीच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, लहानपणी उकळतं पाणी सांडल्याचा डाग निघाला. तो डाग आईनंतर कोणीही पाहिलेला नव्हता. आत्यांनी शाल घट्ट ओढून घेतली.

दोनशे बाराव्या पानावर म्हातारी वारली. चौसष्टावं लागलं, थंडीत ताप भरला, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. आणि दोनशे साठाव्या पानावर ह्या ओळी होत्या: 'म्हातारी खिडकीशी बसली होती. हातातल्या चहाची वाफ निघत होती. कोणी हाक मारली, तरी ती वळली नाही.'

आत्यांना चौसष्टावं लागायला दीड महिना होता.

त्यांनी लेखिकेला बोलावून घेतलं. ती कामावरून परस्पर आली, दमलेली, खुर्चीच्या टोकावर बसली.

"ही म्हातारी कुठून आणलीस, बाळ?"

"आणली नाही हो, ती आलीच. पहिल्या खर्ड्यात नव्हती."

"मेल्यावर चहा पितेय ती."

लेखिकेने पान हातात घेऊन दोनदा वाचलं. "अक्षर माझंच आहे. पण हे मी कधी लिहिलं?" मग ती कसनुसं हसली. "काढून टाका ना आत्या. मेलेलं माणूस खिडकीत कसं बसेल?"

"तिला मरू दिलं नाही तर?"

"तिच्या मरणावरच तर पुढचं सगळं उभं आहे."

प्रकाशकाचंही तेच म्हणणं. "म्हातारीचं मरण म्हणजे पुस्तकाचा प्राण आहे. त्याला धक्का लावू नका."

म्हणजे खोडायच्या होत्या फक्त तीन ओळी. तीस वर्षांत आत्यांनी अशा हजारो ओळी खोडल्या असतील, हात कधी अडखळला नव्हता. त्या दुपारी त्यांनी पेन्सिल ओठाला लावली, पहिल्या शब्दावर ठेवली, आणि छातीत काहीतरी असं आवळलं की पेन्सिल उचलावी लागली. उचलल्याबरोबर श्वास मोकळा झाला. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच.

आत्यांना मरायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट, पण आजवर स्वतःशी कबूल करायची वेळ आली नव्हती. त्यांनी पान उलटलं. मुद्रितं तीनदा तपासायला आली, तीनदा त्यांनी ते पान तसंच उलटलं. पुस्तक त्या तीन ओळींसकट छापून आलं.

थंडीत ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी भावाला बाहेर बोलावून सांगितलं, कळवायचं त्यांना कळवून घ्या. भाऊ डोळे पुसत आत आला, तर आत्या खिडकीशी बसून चहा पीत होत्या.

घरात केवढा आनंद झाला. आनंद ओसरल्यावर वाचकांची पत्रं यायला लागली. मेलेली बाई चहा कशी पिते, आपल्याकडे कोणी वाचून बघतं की नाही?

"आत्या, तुमच्या हातून?" प्रकाशकाने विचारलं.

"नजर चुकली," आत्या म्हणाल्या. प्रकाशकाने पुढचं काम दुसऱ्याला दिलं. त्या दिवसापासून हात जोडले, की देवाचं नाव आत्यांच्या ओठापर्यंत येई आणि तिथेच राही.

वर्षं गेली. हात टेकलेले डॉक्टर गेले, मागोमाग भाऊ गेला. मुलं नोकरीनिमित्त पांगली. भावजय पाठीत वाकली, तिचे दात गेले, आणि आत्या होत्या तशाच राहिल्या, चौसष्टाच्या. पाहुणे आधी कौतुक करत, मग नुसते बघत, मग येईनासे झाले.

"वन्सं, चहा देऊन तास झाला की. अजून वाफ कशी हो?"

आत्या कपावर बशी झाकत. भावजयही पुढे विचारत नसे. फक्त कप ठेवायला आली, की हात लांब करून ठेवी आणि मागच्या मागे जाई.

सगळ्यात वाईट होतं ते हाकेचं. एरवी आत्या चालत, वाचत, केस विंचरत. पण खिडकीशी असताना कोणी हाक मारली, की मान जागच्या जागी धरली जाई. ऐकू सगळं येई. वळायचं म्हटलं, तर अंग दुसऱ्या कोणाचं असावं तसं बसून राही.

त्या तापानंतर तेविसाव्या वर्षी भावजय अंथरुणाला खिळली. सकाळी एक बाई येऊन तिचं आवरून जाई, दिवसभर घरात दोघीच. एका दुपारी आतून आवाज आला.

"वन्सं, पाणी देता का?"

आत्या खिडकीशी होत्या. उठायला गेल्या आणि उठल्या नाहीत.

"वन्सं, घसा कोरडा पडलाय हो."

अशा अकरा हाका आल्या. आत्यांनी सगळ्या ऐकल्या. बाराव्या वेळी भावजय हाक न मारता नुसती रडली, तेव्हा कुठे आत्यांचे पाय सुटले.

"रागावलात का माझ्यावर?" पेला तोंडाला लावताना भावजयीने विचारलं.

त्याच आठवड्यात आत्यांनी प्रकाशकाला पत्र टाकलं: त्या पुस्तकाची पुढची आवृत्ती काढाल, तेव्हा दोनशे साठावं पान माझ्याकडे पाठवा. प्रकाशक कधीच वारला होता. त्याची मुलगी स्वतः पानं घेऊन आली. आवृत्ती महिनाअखेरीस निघायचीच होती. खिडकीत बसलेल्या बाईला पाहून ती दारातच घुटमळली, मग पान टेबलावर ठेवून उभी राहिली.

आत्यांनी पेन्सिल ओठाला लावली. आतून भावजयीची हाक आली, आणि मान धरली गेली. मान धरली तरी डावा हात पानावर होता, आणि त्याला वळायचं नव्हतं. छाती आवळली तशी त्यांनी आवळू दिली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीला पेन्सिल कागदात रुतली, पण गेली.

मग आत्या वळल्या. उठायला वेळ लागला, गुडघे वाजले. भिंतीला धरत, पाण्याचा पेला घेऊन त्या आत गेल्या.

मुलीला आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"किती वेळ लावलात वन्सं."

"एक काम राहिलं होतं."

"झालं?"

"झालं. जरा सरक, मला टेकू दे."

मुलीने पान पिशवीत घातलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि दाराशी जाऊन विचारलं, "आत्या, निघू का मी?"

उत्तर भावजयीने दिलं, अगदी हळू आवाजात.

"सावकाश जा गं. त्यांना उठवू नकोस."