तिनं मागितलं होतं

बातमी आली तेव्हा मी लांजीला होतो. आमच्या सिंचन खात्याच्या कार्यालयातला फोन दोन दिवसांपासून बंद होता, म्हणून किरनापूरच्या ऑफिसातला एक सहकारी मोटरसायकलवर निरोप घेऊन आला. "भाऊ, बालाघाटले निघा. घरी सीरियस आहे." कोण सीरियस आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. वाटभर माझ्या डोळ्यांसमोर दादाच होता, कारण ब्लडप्रेशर दादाला होतं. घराच्या फाटकाशी पोचलो तर दादा अंगणात उभा, धडधाकट. मग ताई कुठे दिसेना, आणि मला कळलं.

शाळेत अकरावीच्या वर्गात शिकवताना तिचं डोकं दुखायला लागलं. मुलींना "जरा थांबा" म्हणून ती खुर्चीवर बसली, ती पुन्हा उठली नाही. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. सत्तेचाळीस वर्षांची होती. आज या गोष्टीला सहा आठवडे होतील. एव्हाना माणूस शांत व्हायला हवा, असं लोक म्हणतात. मी शांत झालेलो नाही. उलट तिच्या शाळेत शोकसभा झाली त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं आहे, आणि हा लेख मी त्याच तापात लिहितो आहे.

त्या सभेत फळ्यावर रंगीत खडूनं 'त्यागमूर्ती शालिनी दीदी' असं लिहिलं होतं. दादा बोलायला उभा राहिला. डोळे पुसत होता तो, ते खोटं नव्हतं. तो म्हणाला, "आमच्या शालूनं लग्न केलं नाही, आईची सेवा केली, घराला सांभाळलं. तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही." बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून ओरडावंसं वाटलं, की हे साफ खोटं आहे. तिनं मागितलं होतं. आमच्यापाशीच मागितलं होतं, आणि आम्ही दिलं नाही. पण मी उठलो नाही. न उठण्याची मला जुनी सवय आहे, ती पुढे कळेलच.

शालूताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, दादापेक्षा चार वर्षांनी लहान. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची, हिंदीतून. पुस्तकातून कमी आणि वैनगंगेच्या काठावरून जास्त. मुलींना घाटावर नेऊन चिखलात बसवायची आणि म्हणायची, "पहले देखो, फिर लिखो." घरी जेवताना पाली, बेडूक, गोगलगायी असा विषय काढायची आणि वहिनी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. समुद्र मात्र तिनं पाहिला नव्हता. आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. नदीत जे दिसतं त्याच्या हजारपट समुद्रात असतं, आणि आपण मुलींना त्याची नुसती चित्रं दाखवतो, याची तिला लाज वाटायची. खरीखुरी लाज.

ब्याऐंशीच्या दिवाळीत दादाला केंद्र सरकारची प्रवास-सवलत मिळाली, भारतात कुठेही जाता येईल अशी. दादाच्या मनात हरिद्वार होतं. ताई म्हणाली, "दादा, अंदमानले जाऊ. मी सगळं ठरवते, तुम्ही फक्त चला." घर हसलं. पण तिनं पत्रं लिहिली, जहाजाची तिकिटं मिळवली, परवानग्यांची चौकशी केली, लॉजवाल्याचा होकार आणला, मुलांसाठी आवळ्याच्या गोळ्यासुद्धा बांधून घेतल्या. महिनाभर ती रात्रीच्या जेवणानंतर नकाशा पसरून बसायची आणि आम्हाला बेटांची नावं पाठ करायला लावायची. शेवटी दादा, वहिनी, त्यांची दोन लेकरं, आई, ताई आणि मी असे सातजण छोट्या रुळांच्या गाडीनं गोंदियाला, तिथून कलकत्त्याला आणि तिथून जहाजात चढलो.

चार दिवसांचा जहाजाचा प्रवास. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाही जण ओकाऱ्या काढत आडवे. ताई एकटी उभी. खाली येऊन आईला लिंबू चाटवायची, लेकरांची तोंडं धुवायची, की पुन्हा वर डेकवर. एकदा धावत आली आणि मला हाताला धरून ओढायला लागली. "मधू, ऊठ! मासे उडून राह्यले. खरंच उडून राह्यले, पाखरासारखे!" मी म्हटलं, मले मरू दे. ती एकटीच गेली. डेकवरच तिची दत्त मॅडमशी ओळख झाली. अंदमानातल्या एका खाजगी शाळेच्या या बंगाली मुख्याध्यापिका सुट्टी संपवून परत चालल्या होत्या. तासन्‌तास दोघी कठड्याला टेकून बोलत असायच्या.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी बोटीनं एका निर्जन बेटावर जायचं होतं. सगळी सहल ताईनं या एका दिवसासाठी आखली होती म्हटलं तरी चालेल. जेट्टीवरच्या खलाशाला विचारून तिनं ओहोटीची वेळ काढली होती. सकाळी अकराच्या सुमारास पाणी गुडघ्याएवढं होईल आणि उभ्या उभ्या प्रवाळ दिसेल, तारामासे दिसतील, शंखात शिरून राहणारे खेकडे दिसतील. पहाटेच ती तयार होऊन बसली होती, साडी वर खोचून, पायात रबरी चपला. तेवढ्यात आई म्हणाली, मी काही पुन्हा बोटीत बसत नाही, मले चक्कर येते. धाकट्या बबलूचंही अंग कोमट लागत होतं.

पुढचं मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. दादानं बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हटलं, "शालू थांबते ना."

विचारलं नाही त्यानं. तिच्याकडे पाहिलंही नाही. वहिनी, म्हणजे बबलूची आई, छत्री शोधत होती. ताई म्हणाली, "दादा, आजचा एक दिवस मले जाऊ द्या. आईपाशी कोणी दुसरं थांबलं तर..." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पस्तीस वर्षांची बाई नव्हतो, तेवीस वर्षांचा घोडा होतो. मला प्रवाळ म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. मी थांबलो असतो तर जगाचं काहीही बिघडलं नसतं. मी खांद्यावर पाण्याची बाटली टाकली आणि म्हटलं, "बोट निघून जाईल, दादा."

निघताना तिनं माझ्या हातात वही-पेन्सिल दिली. "काय काय दिसते ते लिहून आण. रंग लिही, किती पाय ते लिही." बेटावर मी काय केलं? नारळाचं पाणी प्यालो आणि झाडाखाली झोपलो. दादा आणि वहिनी वाळूत फोटो काढत होते. पाणी उतरलं तेव्हा खाली लाल-जांभळं काहीतरी चमकत होतं खरं, एक मोठा पांढरा गरुडही घिरट्या घालत होता. मी एक ओळ लिहिली नाही. परतताना आठवण आली म्हणून प्रवाळाचा एक तुकडा मोडून खिशात घातला, ताईला खूश करायला. तिनं तो हातात घेतला, हुंगला आणि तिचा चेहरा बदलला. "हे जितं होतं, मधू. तू जितं तोडून आणलं?" त्या दिवसभरात ती एवढंच माझ्याशी बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबलूला ताप नव्हता, आई सुपारी कातरत बसली होती. ताई वहिनीला सांगून दत्त मॅडमसोबत जवळच्या किनाऱ्यावर गेली. परतली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. साडी मांडीपर्यंत ओली, केसांत वाळू, आणि चेहरा... तसा चेहरा मी तिचा आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. चिखलावर चालणारा मासा पाहिला म्हणत होती. एक रिकामा शंख पालथा घालून तासभर त्याच्यासमोर बसली होती, तेव्हा एक खेकडा जुनं घर सोडून त्यात शिरला म्हणे. तिचं वाक्य पुरतं झालं नाही. लॉजच्या व्हरांड्यात, इतर प्रवाशांसमोर दादा तिच्यावर ओरडला. "आई सकाळपासून उपाशी आहे अन् तू पाण्यात खेळून राह्यली? लाज नाही वाटत?"

"वहिनी होत्या ना इथं."

"ती फिरायले आली आहे!"

ताई त्याच्याकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अन् मी काहून आली, दादा?"

आई सुपारी कातरत राहिली. ती उपाशी वगैरे काही नव्हती. तिनं दहा वाजता पोळीभाजी खाल्ली होती, मी पाहिलं होतं. तेही मी बोललो नाही.

परत आल्यावर ताईनं दत्त मॅडमच्या शाळेत अर्ज केला. तिकडे जीवशास्त्र शिकवायला कुणी टिकत नव्हतं, त्यांनीच आग्रह केला होता. घरात तिनं उघड सांगितलं. लपवाछपवी तिला जमतच नव्हती. "दोन वर्षांसाठी जाईन. आईले सोबत नेते पाहिजे तर." दादा म्हणाला, पाहू. आई म्हणाली, मी काय तिकडे मरायले येऊ? त्याच हिवाळ्यात आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हलकंच, काठीनं चालत होती, पण झालं. एप्रिलात नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा ताई परीक्षेच्या ड्यूटीवर होती. दादानं ते फोडलं, वाचलं आणि तिथंच बसून उत्तर लिहिलं. घरगुती कारणांमुळे येऊ शकत नाही, क्षमस्व. खाली तिची सही केली. मग पाकीट माझ्या हातात दिलं. "स्टेशनाजवळच्या डब्यात टाकून ये. अन् तिले सांगू नको, उगीच रडेल."

मी टाकून आलो. येताना पान खाल्लं.

मे, जून, जुलै... ताई शाळेतून आली की छत्री ठेवायच्या आधी विचारायची, "टपाल आलं काय?" मी म्हणायचो, नाही. आठ महिने मी तिला नाही म्हणत होतो. शेवटी तिनं शाळेच्या पत्त्यावरून दत्त मॅडमना विचारलं आणि त्यांनी तिच्याच नकाराचं पत्र तिला परत पाठवलं. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. तिनं ते दादाच्या ताटाशेजारी ठेवलं. दादानं घास गिळला. "हौ, मीच लिहिलं. आईले कोण पाहील? मी नोकरी करू का हागणं-मुतणं काढू?" नोकरी तीसुद्धा करत होती. मग तिनं मला विचारलं, "मधू, तुले माहीत होतं काय?"

मी म्हटलं, "नाही, ताई."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मला वाटतं, कुणातरी एकावर ठेवायचा म्हणून ठेवला. त्यानंतर ती तीन वर्षं आईचं सगळं करत राहिली, पहाटे उठून, शाळा सांभाळून. आई गेली तेव्हा मी एकदा भीत भीत म्हटलं, ताई, आता जा ना तिकडे. ती म्हणाली, "ती जागा भरली रे. अन् आता माझे गुडघे पाण्यात उभे राहत नाहीत." दादाशी ती गरजेपुरतं बोलायची. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत प्रेमानं वागली. ते प्रेम माझं नव्हतं, मी ते खोटं बोलून मिळवलं होतं. सत्य सांगायला माझ्यापाशी दहा वर्षं होती. मला दादाचा राग येतो, त्या फळ्यावर रंगीत खडू घासणाऱ्यांचा राग येतो, सोसणाऱ्या बाईला देवी केली की आपण सुटलो असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांचा राग येतो. पण आरशापुढे दाढी करताना जो राग येतो, त्याला तोड नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दादा मला म्हणाला, "शालूची खोली रिकामी करून टाकू. बबलूले अभ्यासाले होईल." घर बाबांनी बांधलेलं, आम्हा दोघा भावांचं. मी ताईच्या खोलीत गेलो. लोखंडी पलंग, टेबल, उन्हात फिकी पडलेली खिडकी, उघडी राहिलेली शाईची दौत. बाहेर येऊन कडीला कुलूप लावलं.

"हे काय?" दादा म्हणाला.

"ते पत्र मीच डब्यात टाकलं होतं, दादा. तुम्ही लिहिलं, मी टाकलं. सभेत सांगा आता, तिनं काही मागितलं नाही म्हणून. मी उभा राहून सगळ्यांसमोर खरं सांगीन."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. दादाचा चेहरा पांढरा पडला. मग हात पुढे करून म्हणाला, "जुनं उकरून काय होते आता? चाबी दे."

"नाही," मी म्हटलं.

आता तो माझ्याशी बोलत नाही, वहिनी चहा विचारत नाही. दर रविवारी मी लांजीच्या बसनं बालाघाटला येतो, कुलूप उघडतो, खिडकी उघडतो, टेबल पुसतो. दौतीतली शाई वाळून गेली आहे, ती मी भरत नाही. तासभर बसतो आणि पुन्हा कुलूप लावून परतीची बस धरतो. त्या खोलीचं पुढे काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती कुणाला द्यायची नाही, एवढं ठरलं आहे.