पाळीची यादी

मार्गशीर्ष सरला तरी थंडीचा पत्ता नव्हता. सकाळी सातलाच धुळीचा लोट कारखान्याच्या आवारात घुसला. सिदूनं एसीची जाळी काढून झटकली. धारूरच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या घरातला हा गडी अंबाजोगाईला शिकून साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत चिकटला होता. आत कपाटाएवढं एकच मशीन. वजनकाटा, गोदाम, शेतकी खातं, सगळीकडचे कॉम्प्युटरचे पडदे त्यालाच जोडलेले. लागवडीच्या तारखेवरून ऊसतोडीची पाळी तेच लावायचं. विहिरी आटलेल्या, पाळी आठ दिवस हुकली की उसाची चिपाडं.

आज पहिली पाळी सारजाबाईची होती. एकटी बाई, दोन एकर ऊस, बाकी काही नाही.

यादी छापायच्या आधीच संचालक विठ्ठलरावांचा पुतण्या बंकट तिघांना घेऊन आत शिरला. हातात लोखंडी गज.

"काकाचा ऊस वर घे बे."

"तुमची लागवड दीड महिना उशिराची हाय, मालक. मशीन तारीख बघतंय."

"मशीनला तूच शिकिवतो ना, मेंढक्या?"

"शिकिवलेलं इसरत न्हाई ते. हीच तर पंचाईत हाय."

गज तोंडावर बसला. दोन दात जिभेवर आले. सिदू खाली पडला तसा बंकटनं त्याच्या उजव्या पंजावर बूट ठेवून टाच फिरवली. हाडं करकरली. बरगड्यांत लाथा बसत होत्या, पण सिदूत आई म्हणून ओरडायलाही त्राण उरलं नव्हतं.

"यादीच ठेवीत न्हाई!" बंकटनं टेबलावरचे दोन्ही पडदे फोडले. काचा उडाल्या. "मेला बघा कॉम्प्युटर!"

"आन् हे कपाट, दादा?" तिघांतल्या एकानं विचारलं.

"आरं येड्या, ती एसीची टाकी हाय. चल."

सिदूनं तोंडातलं रक्त गिळलं.

ते गेल्यावर तो भिंत धरून उठला. कपाट घुमत होतं. शेजारच्या शेतकी खात्याच्या पडद्यापुढं बसून त्यानं डाव्या हाताच्या एका बोटानं हुकूम दिला. छपाईयंत्र किंचाळलं.

तोडणी टोळीचा मुकादम आसाराम यादीला आला अन् दारातच थबकला. "आरं देवा! लई मारलं की रं. दवाखान्यात चल."

"आदी टोळी घाल सारजाबाईच्या फडात. मग जाऊ."

यादीवर रक्ताची बोटं उमटलेली. आसारामनं ती घडी करून खिशात घातली, बाहेर जाऊन टोळीला हाक दिली. गाड्या हलल्या. फाटकात थांबलेल्या बंकटला सुगावा लागायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

दातात धरायला दात उरले नव्हते, म्हणून सिदूनं दुसरी प्रत उजव्या कोपराखाली दाबली आणि फळ्यावर लावायला तिच्या कडेची भोकाभोकाची पट्टी डाव्या हातानं सावकाश फाडायला घेतली.