हाताखालची माणसं

माझे सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी माणूस मोजायची त्यांची पट्टी तीच राहिली: हाताखाली किती? लग्न ठरवताना त्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि पुढे मी नोकरी बदलली की दर वेळी विचारायचे. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझ्या हाताखाली कायम एक कीबोर्ड, आणि त्यातलीही काही बटणं दाद देत नसत. "सध्या कोणी नाही," असं सांगताना मला नापास झालेल्या पोरासारखं वाटायचं.

आयटीचा बहर होता. कोथरूडच्या प्रत्येक इमारतीतून कोणी ना कोणी अमेरिकेला जाऊन चॉकलेटं वाटत होतं. अशात बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. इतकी वर्षं झाली, आता वाढायला हवं, म्हणाला. वाढायच्या वाटा दोन. एक मॅनेजरची: कोड सोडायचा आणि माणसं सांभाळायची. दुसरी आर्किटेक्टची: अवघड कोड आपणच लिहायचा, पण टीम वगैरे काही नाही. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं होतं. पगार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे निर्णयाला काही आधारच उरला नाही.

मला कोड आवडायचा. कंपनीच्या बसमध्ये लोक झोपायचे, तेव्हा मी मनातल्या मनात तोच लिहीत असे. पण आर्किटेक्टला हो म्हणायला गेलो की सासरे डोळ्यांसमोर उभे राहत.

बायको शिक्षिका, त्यामुळे तिचा सराव परीक्षेवर गाढ विश्वास. "आधी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन बघ," ती म्हणाली. "जमलं तर हो मॅनेजर." आमच्या सोसायटीत हे पद लोक दारात आलेल्या भटक्या मांजरासारखं एकमेकांकडे ढकलत असत. मी वार्षिक सभेत आपणहून हात वर केला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी काळजीने माझी तब्येत विचारली.

मी ऑफिसची पद्धत आणली. सकाळी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या बैठक. पाय दुखले की माणूस लवकर आटपतो, हे त्यामागचं शास्त्र. विषय एकच: गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते, पंप वेळेवर बंद कोणी करायचा? जावयाचा कारभार बघायला सासरे खास मुक्कामाला आले होते. ते सगळ्यांच्या मागे, उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरवर बसले. मी पाळ्या सुचवल्या आणि सवयीने विचारलं, "कोणाच्या काही सूचना?"

ऑफिसात या प्रश्नानंतर सगळे बुटांकडे बघतात आणि बैठक संपते. तो असतोच त्यासाठी. पण समोर पुण्याचे पेन्शनर उभे आहेत, हे मी विसरलो. यांच्याकडे जन्मभराच्या सूचना साठलेल्या होत्या आणि त्या आजवर कोणी मागितल्या नव्हत्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पहिल्या सूचनेला उपसूचना मांडली. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते टाकी गौण होती, मी स्कूटर तिरकी लावतो हा खरा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी लोक घरून खुर्च्या घेऊन आले. मग चहा सुरू झाला, मग पोहे, मग पोह्यांत दाणे असावेत की नसावेत यावर उपसमिती. वर टाकी शांतपणे वाहत होती.

एका रविवारी मला असह्य झालं. बैठक रंगात असताना मी सटकलो, बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून एक तरंगता स्विच आणला आणि गच्चीवर जाऊन बसलो. पाणी वर आलं की पंप आपोआप बंद व्हावा, एवढीच कल्पना. वायर सोलता सोलता मी गुणगुणायला लागलो. मागे सासरे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांनी पक्कड पुढे केली. मग आम्ही दोघं खाली बसून काम करत राहिलो. टाकी भरली, पंप गप्प झाला. सासरे हात पुसत म्हणाले, "जावईबापू, खाली तुमचा चेहरा बघवत नव्हता हो."

मला एकदम हलकं वाटलं. खाली जाऊन टाकीचा प्रश्न सुटल्याचं सांगितलं, तर मंडळी नाराज झाली. बैठक मात्र पुढेही चालूच राहिली, फक्त विषय नव्हता. सोमवारी मी बॉसला आर्किटेक्टच होणार असं कळवून टाकलं.

त्यानंतर एका लग्नाच्या पंगतीत सासऱ्यांच्या कारखान्यातल्या जुन्या मित्राने मला न्याहाळून विचारलं, "मोठ्या हुद्द्यावर असाल आता. हाताखाली किती?" मी मठ्ठ्याच्या वाटीत तोंड लपवलं. पण उत्तर सासऱ्यांनीच दिलं. या वयातही चष्मा लागत नाही हे लोक ज्या तोऱ्यात सांगतात, त्याच तोऱ्यात.

"एकही नाही. त्यांना लागत नाहीत."

मी वाढप्याला हाक मारून आणखी एक जिलबी घेतली.