उकिडवीची नजर

तळमजल्यावरचं ते घर तिला घोड्याच्या मालकानं दिलं, अशी कुजबुज होती. कुजबुजीतलं घर सुरुवातीला दोन खोल्यांचं होतं. मग चॅनेलच्या मेकअपवाल्यानं त्याला व्हरांडा जोडला, वर्षभरानं एडिटिंगच्या बाईंनी मागच्या अंगाला बाग काढून दिली, आणि हवामानाच्या बातम्या देणाऱ्या गृहस्थांनी तर किल्ली चॉकलेटच्या डब्यातून आली होती असं डब्याच्या रंगासकट सांगितलं. डबा निळा होता म्हणे. इतकं बारीक पाहणारा माणूस रोजच्या पावसाच्या बाबतीत कसा काय चुकतो, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

ज्या बाईला हे घर मिळालं म्हणत, तिला चॅनेलमध्ये सगळे उकिडवी म्हणायचे. पगाराच्या पाकिटावर वेगळं नाव असे. पण पाकीट द्यायला आलेला शिपाईही दारात उभा राहून ‘उकिडवीबाई आहेत का?’ असंच विचारायचा.

नाव पडलं ते तिच्या कामावरून. शर्यतीच्या आधी घोडे एका गोल कुंपणात चालवून दाखवतात. इतर वार्ताहर कुंपणाला रेलून मालकांच्या टोप्या आणि घोड्यांच्या पाठीची चकाकी यांवर बोलायचे. ही बाई कॅमेऱ्यासमोर सरळ उकिडवी बसायची, हनुवटी गुडघ्यावर टेकायची आणि कुंपणाच्या खालच्या दांडीखालून घोड्यांचे पाय बघायची. एक फेरी पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायची नाही. मग उठून पँटची धूळ झटकायची आणि सांगायची, की चार नंबरचा मागच्या डाव्या पायानं आखडून चालतोय, सातवा आज मोकळा आहे. आणि ते तसंच निघायचं. कपडेपटवाल्यानं तिला साडी नाही, स्कर्ट नाही, फक्त पँट्स द्यायच्या असा नियम केला होता, आणि त्यांचेही गुडघे वर्षातून दोनदा फाटायचे.

ही विद्या बापाकडून आलेली. बाप मोतद्दार, घोड्यांचा खरारा, मालिश, दाणापाणी यांत हयात गेलेला. तबेल्याच्या माडीवरच्या एका खोलीत तो, ही आणि हिचा धाकटा भाऊ. आई धाकट्याच्या जन्मानंतर लवकरच गेली, त्यामुळे हिला सातव्या वर्षी भाकरी थापता येत होती आणि आठव्या वर्षी लंगडा घोडा ओळखता येत होता. बापानं तिला मांडीशी बसवून शिकवलं होतं: पुढचा पाय दुखत असला, की तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. पट्टी बांधून सूज झाकता येते, बर्फ लावून पायाची ऊब घालवता येते. मान तेवढी झाकता येत नाही.

तिला खरं तर जॉकी व्हायचं होतं. पहाटेच्या सरावाला ती घोडे दामटायची, आणि ट्रेनर म्हणायचे की पोरीचे हात लोण्यासारखे आहेत. पण घरातली सगळी उंची तिनं एकटीनंच खाल्ली. सोळाव्या वर्षी बांबूसारखी वाढली, आणि धाकटा मात्र जॉकीला हवा तेवढाच राहिला. मग ही घोड्यावरून उतरली आणि तो चढला. ती रडलीबिडली नाही. त्याचे बूट मात्र पुढची दोन वर्षं तीच पॉलिश करायची, आणि ते करताना दार लावून घ्यायची.

चॅनेलमध्ये ती आली ती अपघातानं. एका रविवारी ती घोडा धरून रिंगणात फिरत होती. टोपीवाला वार्ताहर एका काळ्या घोड्याचं कौतुक करत होता, तेव्हा ही शेजारून जाताना पुटपुटली, की हा तिसऱ्या वळणावर बसणार. माइकनं ते पकडलं. घोडा तिसऱ्या वळणावर बसला. पुढच्या रविवारी माइक तिच्या हातात होता.

पुढची दहा-बारा वर्षं तिची चलती होती. रेस नसेल तेव्हा चॅनेल तिला फुटबॉलला पाठवायचं, धावण्याच्या स्पर्धांना पाठवायचं. तिथंही ही मैदानाच्या कडेला उकिडवी. एकदा एका संघाचा नामांकित गोलरक्षक बसमधून उतरून हॉटेलच्या दारापर्यंत चालत गेला, तेवढ्या पंधरा पावलांवरून तिनं त्याच्या उजव्या गुडघ्याचं सांगितलं. संघाचे डॉक्टर खवळले. चार दिवसांनी त्यांनीच तो गुडघा उघडला. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, तेव्हाही तिनं त्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी घोट्याकडे बघितलं आणि लवकर डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं. गुणी माणूस. तो गेला डॉक्टरकडे, आणि त्या डॉक्टरीणबाईंशीच लग्न करून मोकळा झाला.

त्यावर सगळे हसले, तीही हसली. उकिडवी कधी चुकत नाही, हे वाक्य प्रेक्षकांच्या पत्रांत यायचं, जाहिरातीत यायचं. तबेल्याची नोकरी सुटल्यावर बाप तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला आला होता. तो टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायचा आणि ती बोलायच्या आधी स्वतःचं मत मोठ्यानं सांगायचा. बाप-लेकीचं एकच निघालं, की पोराच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणायचा, ‘ही तोंडानं कमावते, तू पायानं कमाव.’

धाकट्याच्या पायांखालची जमीन मात्र सरकत चालली होती. चौतिशीला त्याचं वजन ऐकेना. तो उपाशी राहायचा, रबरी कपडे घालून घाम काढायचा, शर्यतीच्या दिवशी बर्फाचे तुकडे चोखत बसायचा, आणि तरी वजनकाट्यावर कपाळाला आठ्या पडायच्या. दोन वर्षांत त्याला धड घोडा मिळाला नव्हता. तशात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या आठवडाभर आधी एका तांबड्या घोड्याचा नेहमीचा जॉकी तापानं पडला आणि मालकानं याला बोलावलं. त्या रात्री त्यानं बापाला दोनदा उठवून तीच बातमी सांगितली.

शर्यतीच्या दिवशी रिंगणात काय झालं, ते चित्रफितीत आहे. कॅमेरा रिंगणातल्या घोड्यांवर. उकिडवी नेहमीसारखी बसलेली. तांबडा घोडा समोरून गेला. तिनं माइक हळूच खाली घेऊन मांडीवर दाबला. त्याच्यामागचे तीन घोडे जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठली. धूळ झटकली नाही. म्हणाली, ‘तांबडा ताजातवाना आहे.’

शेवटच्या वळणावर तांबड्याचा पुढचा उजवा पाय मोडला. तो डोक्यावर आला, धाकटा त्याच्याखाली. माणसाला उचलून नेलं. घोड्याभोवती हिरवं कापड धरलं, आणि कापड काढलं तेव्हा तिथं फक्त दाबलेलं गवत होतं. त्याचा मोतद्दार रिकामा लगाम हातात घेऊन तबेल्यापर्यंत चालत गेला.

धाकटा वाचला. खुब्याचं हाड आणि मांडीचं हाड मोडलं. जुळल्यावर एक पाय दोन बोटं आखूड राहिला. पुन्हा घोड्यावर बसणं संपलं. पण रेसकोर्सच्या शाळेत नव्या जॉकींना शिकवायला माणूस हवा होता आणि त्यांनी याचं नाव काढलं होतं. अट एकच. अपघाताच्या चौकशीत याच्याकडे बोट दाखवलं जाता कामा नये. घोडा दुखावलेला आहे हे ठाऊक असून जो जॉकी त्याला पळवतो, त्याला पुन्हा कुठल्याही रेसकोर्सच्या फाटकातून आत घेत नाहीत. शिकवायला नाही, झाडू मारायलासुद्धा नाही. आणि याला तर दुसरं काहीच येत नव्हतं. शाळा त्यानं आठवीत सोडलेली, पाय मोडलेला.

चौकशीला उकिडवीला बोलावलं. लांबलचक टेबल, पलीकडे तीन माणसं. मधले अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, स्वतः जुने घोडेस्वार. त्यांनी फीत तिला दोनदा दाखवली. ती काय बोलते यावर पुढचं सगळं उभं होतं. दिसलं म्हणाली, तर पुढचा प्रश्न हाच येणार होता, की जे कुंपणाबाहेरून दिसलं ते खोगिरात बसलेल्याला कळलं नाही?

‘तुम्हाला दिसलं नाही?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘नाही दिसलं.’

‘तुम्हाला?’

‘नजरेची चूक झाली.’

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ घातला नाही. मग लेखनिकाला म्हणाले, लिहा.

अहवालात लिहून आलं, की वार्ताहरासारख्या जाणकार व्यक्तीलाही दोष दिसला नाही, तेव्हा जॉकीला तो जाणवला असेल असं मानायला आधार नाही. धाकट्याची नोकरी पक्की झाली. पण चॅनेलात एकानंही त्या वाक्यावर विश्वास ठेवला नाही. दुसरी कुणी असती तर चुकली म्हणून सोडून दिली असती. ही कधी चुकत नाही हे तर जाहिरातीत छापलेलं. पंधरा पावलांवरून गुडघा ओळखणाऱ्या बाईला तीन हातांवरून लंगडा घोडा दिसला नाही? मग दिसला असणार. दिसून गप्प बसली असणार. आणि गप्प काय कुणी फुकट बसतं? तशातच महिन्याभरात तिनं घर बदललं. मेकअपवाल्याला एवढं पुरे होतं. तिच्याच गालाला पावडर लावता लावता तो विचारायचा, ‘काय मग, बागेत काय लावलं?’ ती आरशात त्याच्याकडे बघायची आणि सांगायची, ‘कान लावलेत, तुझे.’

चॅनेलनं तिला घोड्यांवरून काढलं. मग फुटबॉलवरूनही. शेवटी बुद्धिबळ दिलं, कारण तिथला घोडा काही लंगडत नाही, असं संपादक बैठकीत म्हणाले, आणि तिच्यादेखत सगळे हसले. मग बंद दालनात दोन माणसं सहा तास एका पटाकडे बघत बसायची आणि कोपऱ्यात खुर्चीवर ही. खुर्चीवर बसलेली उकिडवी. नाव मात्र तेच राहिलं.

हे सगळं तिनं पचवलं असतं. बाप पचेना.

म्हातारा त्या दिवशी टीव्हीसमोर होता. तिनं तोंड उघडायच्या आधीच तो रिकाम्या खोलीत ओरडला होता, की उजवा पुढचा, मान बघा. त्यावर त्याला पडद्यातून ऐकू आलं, ताजातवाना आहे. ती हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा त्यानं टीव्ही बंद केलेला होता.

‘घोडा मान उचलत होता.’

‘हो, बाबा.’

‘तुला दिसलं.’

त्याच्यापुढे तिला खोटं जमेना. ‘दिसलं,’ ती म्हणाली.

‘मग?’

त्या ‘मग’चं उत्तर तिच्याकडे होतं. पण ते दिलं असतं, तर म्हाताऱ्याच्या मनातून एक लेकरू उतरून दुसरं चढलं असतं, इतकंच. आणि जे उतरलं असतं ते हॉस्पिटलात पाय टांगून पडलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली.

तबेल्यातल्या जुन्या सोबत्यांनी बापाच्या कानावर घराची गोष्ट घातलीच. तळमजल्यावर राहायला चला म्हणून तिनं महिनाभर विनवलं. म्हातारा म्हणाला, तिथलं पाणी मला चालणार नाही. तो तिसऱ्या मजल्यावरच राहिला. ती दर रविवारी जिने चढून जायची, आठवड्याचं रांधून ठेवायची, चादरी बदलायची. तो हवेबद्दल बोलायचा, शेजाऱ्याच्या खोकल्याबद्दल बोलायचा. घोड्यांबद्दल एक शब्द नाही. ज्या माणसानं तिच्याशी आयुष्यभर दुसरं काही बोलणं केलं नव्हतं, त्याला आता हवा पाणी खोकला एवढेच विषय उरले.

चार-पाच वर्षांनी एका रविवारी धाकटा तिच्याबरोबर काठी टेकत वर गेला. जेवणं झाली. ती मोरीत कप विसळत होती. मोरीला दार नव्हतं, नुसता पडदा, आणि म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. त्यानं मुलाला विचारलं, ‘तू तिच्याजवळ राहतोस. तिनं पैसे खाल्ले का रे?’

धाकटा आपल्या जाड तळव्याच्या बुटाकडे बघत राहिला. इतका वेळ, की नळाचं पाणी भरलेल्या कपातून वाहून तिच्या मनगटावरून गेलं.

‘ताईचं ताईला ठाऊक,’ तो म्हणाला.

तिनं नळ बंद केला. कप पुसला, कानाला धरून खिळ्याला अडकवला, दुसरा घेतला. भिंतीवरचा पोराचा फोटो थोडा वाकडा झाला होता, तेवढा म्हाताऱ्यानं उठून सरळ केला.

उतरताना ती नेहमीसारखी धाकट्याच्या एक पायरी खाली, त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. दम लागला होता, की काय कोण जाणे.

‘मग काय सांगायला हवं होतं मी?’ तो म्हणाला.

‘पायरी बघ,’ ती म्हणाली.

आणखी तीन वर्षांनी म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या गेला. दुपारची वेळ होती, टीव्ही बंद होता. तबेल्यातले सोबती आले, त्यांनी धाकट्याला मिठीत घेतलं, आणि तिला वाट करून दिली, जशी परक्या बाईला देतात. धाकटा शाळेत शिकवतच राहिला. पोरं त्याला मानायची. घोड्याचं दुखणं लपवू नये, हे तो पहिल्याच दिवशी शिकवायचा. उकिडवी बुद्धिबळाच्या दालनातून एक दिवस निवृत्त झाली. केक कापला, मेकअपवाल्यानं भाषण केलं, आणि भाषणात घराला आणखी एक खोली जोडली.

घर भाड्याचं होतं. दोन खोल्या. तिनं ते घेतलं, कारण डॉक्टरांनी भावाला सहा महिने जिना चढायला मनाई केली होती. घोड्याचा पाय तिला दिसला होता. भावाला तो सकाळीच सरावात कळला होता. रिंगणात तिच्यासमोरून जाताना तो खोगिरातून म्हणाला, ‘ताई, बोलू नकोस,’ आणि ती बोलली नाही.